हो म्हणायला तीन शब्द

"जेवलास का?" या प्रश्नाला "जेवलो" म्हटलं की मराठीत विषय संपला. प्रश्नातलं क्रियापद उचलायचं, प्रत्यय बदलायचा, परत करायचं. आयरिश भाषेतही असंच चालतं. तिथे तर हो-नाहीला वेगळे शब्दच नाहीत. आपली गाठ मात्र इंग्रजीशी पडली. तिथे उत्तर देताना मुख्य क्रियापद उठत नाही, गड्याला पाठवतं. "डू यू ईट फिश?" "यस, आय डू." मासे खाणारं 'ईट' आत पाटावर बसून राहतं आणि दार उघडायला 'डू' येतो. आपण सवयीने मालकालाच दारात ओढतो: "यस, आय ईट."

कृती तशी सोपी आहे. प्रश्नाचा पहिला शब्द ऐकायचा आणि तोच उत्तराच्या शेवटी ठेवायचा. 'इज'ला 'इज', 'कॅन'ला 'कॅन', 'डिड'ला 'डिड'. फक्त 'आर यू'ला 'आय ॲम'. पण ऐकायचा कसा? आपला 'का' वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे आपले कान शेवटीच टवकारलेले. इंग्रजीत प्रश्न सुरुवातीलाच ठरतो, आणि साहेब तो गिळूनच बोलतो. 'डिड यू'चं 'डिज्यू' होतं. आपण भानावर येतो तेव्हा हातात फक्त 'फिश' उरलेला असतो. मग 'डू', 'डिड', 'ॲम' यांतलं जे जिभेवर येईल ते. "आर यू मॅरिड?" "यस, आय डू."

मधल्या सर्वनामाची वेगळी तऱ्हा. 'यू'चं 'आय' होतं, 'धिस'चं 'इट', 'धीज'चं 'दे'. "इज युवर फादर ॲट होम?" याला संस्कारी मराठी तोंडातून "यस, दे आर" निघतं. मान राखला जातो, पण घरात वडील एकाहून जास्त होतात. तिथे "ही इज" म्हणायचं आणि मनातल्या मनात माफी मागायची.

होकारात काटछाट चालत नाही. "यस, आय ॲम" असं पूर्णच म्हणावं लागतं, "यस, आय'म" म्हणून थांबता येत नाही, कारण उत्तराचा सगळा जोर त्या शेवटच्या शब्दावर असतो. नकारात मात्र 'डोन्ट', 'इजन्ट' खुशाल. त्यातही 'ॲम'चा असा जोड प्रमाण इंग्रजीत नाही, म्हणून "नो, आय'म नॉट". हा नियम कोणी केला असेल त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

आपला 'नाही' फार कर्तबगार. नकारही तोच, क्रियापदही तोच. नाहीस, नाहीत असा चालवताही येतो. म्हणून "नो" म्हटलं की आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं. इंग्रजीला नकार दोनदा लागतो: "नो, आय डोन्ट." नुसतं "नो" व्याकरणात बसतं, पण तोंडावर दार आपटल्यासारखं ऐकू येतं.

"डू यू हॅव अ पेन?" याला "आय डू", पण "हॅव यू गॉट अ पेन?" याला "आय हॅव". पेन तेच, मागणारा तोच. "मस्ट आय गो?" याला नियमाने "नो, यू मस्टन्ट" म्हणाल, तर जायला बंदी घातलीत. 'जायची गरज नाही' हवं असेल तर "नो, यू डोन्ट हॅव टू".

खरी फजिती नकारार्थी प्रश्नात होते. "डिडन्ट यू ईट?" आपण म्हणतो, "हो, नाही जेवलो." आपला 'हो' समोरच्याच्या अंदाजाला असतो, इंग्रजीचा 'यस' जेवणाला. उपाशी माणूस "यस" म्हणाला की ताट उचललं जातं.

आणि 'माइंड' म्हणजे हरकत, हे गाडीत कोणाच्या लक्षात राहतं? "डू यू माइंड इफ आय सिट हिअर?" विचारल्यावर आपण तोंड भरून "यस, यस!" म्हणतो, पिशवी मांडीवर घेतो, सरकून जागा करतो. साहेब "सॉरी" म्हणून पुढच्या डब्याकडे निघालेला असतो.