घरचं कुटलेलं

शनिवार, 18 मे 2024. सकाळी पावणेदहाला विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आमच्या घरात दोन कामं एकदम सुरू झाली. आईने चार किलो मिरच्या जमिनीवर पसरलेल्या जुन्या साडीवर ओतल्या आणि मी कॉम्प्युटरवर ‘मेक बिल्डवर्ल्ड’ टाइप करून एंटर मारलं.

बिल्डवर्ल्ड. म्हणजे जग बांध. असा हुकूम आधी ब्रह्मदेवाने दिला असेल, त्यानंतर फ्रीबीएसडीवाल्यांनीच. ब्रह्मदेवाकडे मात्र लॅमिंग्टन रोडवर 2014 साली जुळवलेला दोन कोअरच्या आय-थ्री प्रोसेसरचा कॉम्प्युटर नसावा.

फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम. बर्कली विद्यापीठात वाढलेल्या युनिक्सच्या घराण्यातली, 1993 च्या नोव्हेंबरात तिची 1.0 आवृत्ती निघाली. लिनक्स तिची लांबची चुलतबहीण. चुलतबहिणीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, हिचं सांगितलं की समोरचा ‘अच्छा अच्छा’ म्हणून मोबाइल काढतो. वास्तविक नेटफ्लिक्सचे सिनेमे घरोघरी पोचवणारे सर्व्हर हिच्यावरच चालतात, पण हे सांगितलं की लोक विचारतात, मग तुला नेटफ्लिक्स फुकट का? हिचं बोधचिन्ह म्हणजे एक लाल, शिंगं-शेपटीवालं पिल्लू, हातात त्रिशूळासारखं काहीतरी आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्याचा स्टिकर मी कॅबिनेटवर लावला तेव्हा आईने तो चष्मा लावून नीट पाहिला होता.

"राक्षस आहे का रे?"

"तसाच काहीसा."

"असू दे. पण देव्हाऱ्यासमोर बूट घालून उभा राहिलाय, ते काढायला सांग."

तर, माझ्याकडे तिची 13.2 आवृत्ती होती आणि तिला दुरुस्त्या मिळण्याची मुदत 30 जूनला संपत होती. 14.0 येऊन सहा महिने झाले होते. सोमवारी 20 तारखेला मुंबईत मतदान, म्हणजे लागून तीन दिवस सुट्टी. शेजारपाजारचे बरेच जण गावाला गेले. मी जग बांधायला बसलो.

अर्ध्याएक तासाने देठं काढता काढता आईने विचारलं, "हे बाहेर तयार मिळत नाही का रे?"

मिळतं. तिथेच तर गोची आहे. एक कमांड दिली की तयार फायली उतरतात, अर्ध्या-पाऊण तासात काम होतं आणि माणूस मतदानाला तरी ताज्या डोळ्यांनी जातो. पण हे आईला सांगणं म्हणजे हातात कोलीत देणं. म्हणून मी उलट विचारलं, "तुझा मसाला तयार मिळत नाही का बाहेर?"

"बाहेरच्यात काय काय घालतात, कोण बघायला जातंय!"

"तेच. सोर्स कोडमधून, म्हणजे माणसांनी लिहिलेल्या मूळ मजकुरातून बांधलं की सगळं डोळ्यांसमोर असतं."

"मग तू बघतोस का?"

गप्प बसलो. तीस वर्षांत असंख्य लोकांनी लिहिलेला तो कोड मी बघतो म्हणजे काय, तर कंपायलरच्या, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम करणाऱ्या हत्याराच्या, ओळी स्क्रीनवरून सरकतात त्या बघतो, एक्स्प्रेसमधून कसारा घाट बघावा तशा. आई निदान एकेक मिरची उलटून बघते.

या कामाची खरी गंमत, म्हणजे वैताग, कंपायलरमध्ये आहे. कोडची सिस्टीम करायला कंपायलर लागतो. तो तर मशीनवर आहेच. पण नव्या आवृत्तीला नवा कंपायलर हवा, म्हणून आधी जुन्या कंपायलरने नवा बांधायचा. मग त्या नव्याने लायब्रऱ्या, हत्यारं, सगळा संसार बांधायचा, आणि त्या संसारात नवा कंपायलरही येतो, म्हणून तो पुन्हा एकदा बांधायचा. क्लँग त्याचं नाव. मसाल्याच्या भाषेत सांगायचं तर आधी जुन्या डंकात कुटून नवा डंक करायचा, त्यात कुटून आणखी एक डंक करायचा, आणि मग कुठे मिरचीचा विषय. एकूण वेळातला मोठा वाटा हा क्लँगच गिळतो. दुपारी दोनला मी पाहिलं तेव्हा तो बांधला जात होता. साडेसहाला पाहिलं, तेव्हाही बांधलाच जात होता. दुसऱ्यांदा.

एव्हाना कॅबिनेटच्या मागच्या पंख्यातून अशी गरम हवा येत होती की मे महिन्याला लाज वाटावी. मी पाणी प्यायला उठून परत येतो तर पंख्यामागे स्टुलावर परात. परातीत खसखस.

"अगं, हे काय?"

"दमट हवा आहे, वाळत नव्हती. तुझं हे नाहीतरी फुकट तापतंय."

त्या दिवशी त्या मशीनचा सगळ्या घराला झालेला उपयोग एवढाच.

संध्याकाळी मी कर्नलच्या तयारीला लागलो. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. सोबत ‘जेनेरिक’ नावाची फाइल येते, तिच्यात जगातल्या हरतऱ्हेच्या यंत्रांच्या ओळी असतात. आपल्याकडे जे नाही त्या ओळीपुढे खुणेचं चिन्ह टाकायचं, की ती गळते. हीसुद्धा देठं काढणंच. मी प्रत केली, तिला ‘कन्नमवार’ नाव दिलं आणि भराभर देठं खुडू लागलो. नेमकी तेव्हाच आईने कढईत संकेश्वरी टाकली. ज्यांच्या घरात मिरची भाजली गेली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. खोकून खोकून जीव गेला, डोळ्यांतून धारा, शेजारच्यांनी दार लावून घेतलं. त्या धारांतून मी एक ओळ जास्तीची खुडली. ‘यूकेबीडी’. ओळीच्या शेवटी ‘कीबोर्ड’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

रात्री सव्वाअकराला नवा कर्नल बसवला आणि मशीन सिंगल यूझर मोडमध्ये सुरू केलं. म्हणजे पाहुणे नाहीत, नेटवर्क नाही, फक्त मालक आणि यंत्र. पडद्यावर नम्र विनंती आली: शेलचा (म्हणजे हुकूम ऐकणाऱ्या प्रोग्रामचा) पत्ता द्या किंवा एंटर दाबा.

दाबलं. पुन्हा दाबलं. कॅप्स लॉक दाबून पाहिलं, दिवा लागेना. यूएसबीची वायर काढून दुसऱ्या भोकात घातली, फुंकरही मारली. मग त्या खुडलेल्या ओळीची आठवण झाली आणि मी खुर्चीत मागे रेललो. मालक आणि यंत्र समोरासमोर, आणि मालकाला बोलायची सोय नाही.

"झालं का जग?" आतून आई.

"झालंय. आत जाता येत नाहीये."

"किल्ली आत राहिली असेल."

अगदी तस्सं. सुटका झाली ती एका जुन्या सवयीमुळे. माझी नव्हे, फ्रीबीएसडीची. नवा कर्नल बसवताना ती जुना फेकत नाही, ‘कर्नल डॉट ओल्ड’ म्हणून बाजूला ठेवते. बटण दाबून धरून मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. सुरुवातीच्या मेनूत कीबोर्ड चालतो, कारण तिथे कर्नल अजून आलेलाच नसतो. जुना कर्नल निवडला आणि पाचव्या सेकंदाला मी माझ्याच घरात होतो. ती ओळ परत आणली, कर्नल पुन्हा बांधायला लावला आणि झोपलो.

रविवारी मसाला कुटायला लालबाग. करी रोडला उतरून पिशव्या माझ्याकडे, रांग आईकडे. आमचा नंबर लागला तशी मी चहाला सटकणार होतो, आईने मनगट धरलं.

"हलायचं नाही इथून. मागच्या बाईचा मसाला आपल्यात येतो."

संध्याकाळी घरी शेवटच्या पायरीवर हे वाक्य कामी आलं. ‘एटसीअपडेट’ नावाचं हत्यार माझ्या सेटिंगच्या जुन्या फायली आणि नव्या आवृत्तीतल्या फायली एकत्र करतं. जिथे त्याला कळत नाही तिथे दोन्ही मजकूर एकाखाली एक ठेवून मध्ये कोनाच्या खुणांची कुंपणं घालतं. ती कुंपणं पासवर्डाच्या फाइलीत तशीच राहिली तर लॉगइनचे वांधे. डंकाजवळ उभं राहावं तसा एकेक ओळ बघत बसलो.

रात्री साडेनऊला मशीन सुरळीत उठलं. आई मागे येऊन उभी राहिली.

"काय वेगळं झालं?"

"तेराच्या जागी चौदा आलं."

"आणि?"

"आणि... चौदा आलं." (4 जूनला अख्खा देश टीव्हीसमोर मतमोजणी बघत होता. त्याच दिवशी 14.1 आली. मी कुणाला बोललो नाही.)

आईने त्यावर काही न बोलता नवा मसाला बरणीत दाबून भरला, वर हिंगाचे खडे ठेवले. गेल्या वर्षीचा अर्धा किलो उरला होता. मी तो कचऱ्याच्या पिशवीत टाकायला उचलला.

"ठेव तो खाली."

"अगं, चार किलो नवा आहे की."

"नवा कसा निघालाय ते कुठं कळलंय अजून," ती म्हणाली आणि जुनी बरणी फडक्याने पुसून फळीवर मागच्या रांगेत सरकवली. "एकदा आमटी होऊ दे."