बोलक्या कुत्र्यांचा सिनेमा असा बघावा

पडद्यावर कुत्री घडाघडा बोलताहेत आणि आपण तोंड मिटून बसायचं, यात माणसाची काही इज्जत राहते का? परवाच्या रविवारी भाचीला घेऊन असा एक विनोदी सिनेमा बघितला. तिथं मिळालेलं शिक्षण फुकटात देतोय, घ्या.

वेळेवर जाऊ नये. अंधार झाला की मोबाईलची बॅटरी पेटवून अख्ख्या रांगेचे पाय तुडवत आपली खुर्ची गाठावी. मग 'ही रांग न्हवं' म्हणत परत तुडवत निघावं.

पॉपकॉर्नचा कागद हळव्या प्रसंगासाठी राखून ठेवावा.

पोरं खिदळायला लागली की त्यांना लगेच शहाणं करावं. कुत्रं खरं असतं, जबडा तेवढा कॉम्प्युटरवर हलवतात, आवाज माइकपुढं माणूस देतो, हे चार रांगांना ऐकू जाईल असं सांगावं.

फोन आला तर घ्यावाच. आमच्या मागच्या पाव्हण्यांनी घेतला. "थेटरात हाय. कुत्र्यांचं पिच्चर. व्हय, बोलत्यात की! ऊसतोडीची टोळी आली का? मग तोड कवा? मुकादमाला म्हणावं, खुशालीचं वरचं पैसं आधीच दिल्यात. आता ड्रायव्हरला एन्ट्रीचं पैसं द्यायचं न्हाईत!" पडद्यावर म्हातारं कुत्रं पिल्लाला काहीतरी सांगत होतं. काय ते देवाला ठाऊक. भाची माझी बाही ओढून विचारतेय, "मामा, काय म्हणालं ते?" मी काय सांगू? ट्रॉली भरायची राहिली म्हणालं?

परंपराच आहे म्हणा. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला, तो मूकपट. १९३२ साली 'प्रभात'नं 'अयोध्येचा राजा' बोलता केला, तोही इथंच. पडदा बोलायला लागला, आता आपण ऐकावं, हा निरोप काही पेठांपर्यंत अजून आलेला दिसत नाही.

मध्यंतरात पोराला बर्फातला हस्की कुत्रा कबूल करावा. एप्रिलात तो धापा टाकायला लागला की रंकाळ्यावर सोडून यावं.

आणि कुणी मागं वळून "जरा हळू" म्हटलं, तर त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघून म्हणावं, "पोरांचं पिच्चर हाय, एवढं काय मनावर घेताय?"

अहो, पोरांचं आहे म्हणूनच! तुम्हाला कुत्र्याच्या बोलण्यात रस नसेल, पण शेजारी बसलेल्या पोराला आहे. ते मोठ्या पडद्यावर कदाचित पहिल्यांदाच काही बघतंय. त्यानंही तिकीट काढलंय, खुर्ची तुमच्याएवढीच अडवलीय आणि तुमच्यापेक्षा शंभरपट शहाण्यासारखं बसलंय. उसाची तोड ठरवायची तर बाहेर पायऱ्या आहेत, पार्किंग आहे, अख्खं कोल्हापूर पडलंय. तिथं जाऊन बोंबला की! आत बसायचं असेल तर फोन खिशात घाला आणि गप बसा.