म्हणे सोलर लावा!

पुण्याच्या मित्राने आज फोनवर ऐकवलं, 'तुमच्या खान्देशात एवढं ऊन, घरोघरी सोलर लावा की, वीज गेली म्हणून रडता कशाला?' एसीत बसून बोलायला काय जातं!

अरे बाबा, पॅनलला उजेड लागतो, उकाडा नाही. पॅनलवर छापलेली वॉटेज सेलचं तापमान २५ अंश धरून असते. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ ओलांडतो तेव्हा गच्चीवरचं पॅनल ६५-७० पर्यंत तापतं. २५ च्या वर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. ऐन दुपारी सातवा भाग असाच गेला. वर धूळ आहेच. तरी लावावं, दिवसाचा कुलर निघतो, एवढं मान्य. पण आमचं दुखणं रात्रीचं आहे.

परवा रात्री गल्लीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, उडाली. वायरमन आला, डीओ (डीपीचा फ्यूज) टाकला, दोन मिनिटांत परत फट्ट! टाकीच्या बुडाशी तेल पाझरत होतं. मी जवळ गेलो तर ओरडला, 'आप्पा, हात नका लावू, तापेल शे ती. थंडी होऊ द्या.' थंड होणार कशी? डीपीतलं तेल आतली उष्णता बाहेरच्या हवेला देतं, आणि इथे रात्रीची हवाच भट्टीतली. त्यात घरोघरी कुलर, आता एसी. डीपी मात्र तीच, कुलरही मोजके होते तेव्हाची. आतल्या गुंडाळीचं तापमान साधारण सहा अंशांनी वाढलं की तिच्या कागदी इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. हे काय साहेबांना माहीत नाही?

ओट्यावर शेजारच्या आक्का डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसलेल्या, नातू पुठ्ठ्याने वारा घालतोय. दीपनगरचं औष्णिक केंद्र आमच्या जिल्ह्यात, आणि अंधारही आम्हालाच! डोकंच फिरलं.

तारेवर आकडे टाकून वीज चोरणारे आपलेच लोक आहेत, तेही खरं. पण म्हणून फेब्रुवारीत तेलाची पातळी बघायची नाही? लोड मोजायचा नाही? इथली डीपी इथल्या मे महिन्याच्या रात्रीचा हिशोब करूनच बसवली पाहिजे.

त्या वायरमनवर मात्र राग नाही निघत. तीन गावं एकट्याकडे, शर्ट घामाने चिंब. आक्कांनी माठातलं पाणी दिलं, उभ्यानेच प्याला आणि पुढच्या तक्रारीला पळाला. त्याला शिव्या घालणाऱ्यांनी जरा लाज बाळगा.

डीपीची क्षमता वाढवून मागायचा अर्ज लिहिलाय. गल्लीतल्यांनी संध्याकाळी सह्या करायला या, येताना वीजबिलाची झेरॉक्स आणा. नुसतं लाईक करून पळू नका.