परवाना काढून घेणं ही दुहेरी शिक्षा का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तर उत्तरही जरा ऐसपैस देतो. ड्रग्ज विकणाऱ्या हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्याचा, परवाना अमेरिकेत रद्द होऊ शकतो आणि त्यात मला गैर वाटत नाही, असं मी लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं : तिथल्या एखाद्या हॅमने ड्रग्ज विकले, तुरुंगवास भोगला, मग वर त्याचा रेडिओ परवाना कशाला काढून घ्यायचा? "रेडिओचा आणि ड्रग्जचा संबंध काय? त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स कोणी काढून घेतं का?"

घेतात हो! 1990 च्या सुमाराला तिथल्या संसदेने राज्यांना सांगितलं, ड्रग्जच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याचं लायसन्स किमान सहा महिने थांबवा, नाहीतर महामार्गाच्या निधीत कपात. गुन्ह्याच्या वेळी गाडी नसली तरी, आणि नुसती पुडी बाळगली असली तरी. बऱ्याच राज्यांनी नंतर त्यातून अंग काढून घेतलं, ते बरंच केलं.

हॅमचं प्रकरण तसं नाही. एफसीसीने, म्हणजे रेडिओचे परवाने देणाऱ्या तिथल्या सरकारी यंत्रणेने, 1989 साली परवान्यांबाबत जी भूमिका जाहीर केली ती ड्रग्जच्या धंद्याबद्दल होती. ओढणारा आणि विकणारा यांना तुम्ही एकाच माळेचे मणी केलंत, एफसीसीने केलं नव्हतं.

संबंधाचं म्हणाल तर मेक्सिकोच्या झेटास या ड्रग्जच्या टोळीने स्वतःचं रेडिओजाळं उभारलं होतं, रिपीटरसकट (आलेला संदेश दूरवर पुढे पाठवणारी यंत्रं). 2011 मध्ये तिथल्या लष्कराने त्याचे 167 अँटेना जप्त केले. पण हा दाखला माझ्या काही कामाचा नाही. त्या लोकांकडे परवाना होताच कुठे, रद्द करायला! परवाना काढून घेतल्याने ड्रग्जचा व्यापार थांबतो असं मी मूळ लेखातही म्हटलेलं नाही.

मुद्दा भरवशाचा आहे. अमेरिकेत हॅमची परीक्षा हॅमच घेतात, तिघे मिळून, विनामोबदला. हॅमच्या बँडवर, म्हणजे त्यांना दिलेल्या रेडिओलहरींवर, कान ठेवणारेही बहुतेक स्वयंसेवकच. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषेत बोलायला बंदी, पण कोण काय बोलतोय हे चोवीस तास ऐकायला सरकारी माणूस बसलेला नसतो. सगळं चालतं ते नियम पाळणाऱ्यांच्या जिवावर. पैशासाठी वर्षानुवर्षं कायदा धाब्यावर बसवणाऱ्याबद्दल तिथे शंका घेतली, तर मला त्यात सूड दिसत नाही.

आणि परवाना एका फटक्यात जात नाही. आधी कारणे दाखवा नोटीस, मग सुनावणी, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी एफसीसीवर. केविन मिटनिक या हॅकरचं बघा, तोही हॅमच. गुन्हा हॅकिंगचा, पण कसोटी तीच : हा माणूस परवाना बाळगायच्या लायकीचा आहे का? पाचेक वर्षं तुरुंगात काढून आलेला माणूस, तरी 2002 च्या डिसेंबरमध्ये न्यायाधीशाने तो सुधारला आहे असं मानून परवान्याचं नूतनीकरण मंजूर केलं. अर्थात त्याला वकील परवडला. एखाद्या ट्रक ड्रायव्हरला परवडेलच असं नाही, आणि तुमचा राग यावर असता तर मी वाद घातला नसता.

एका कलमाबाबत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. परवाना नसलेलं दहा वर्षांचं पोरही परवानाधारक शेजारी बसला असेल तर त्याच्या माइकवर बोलू शकतं. पण ज्याचा परवाना रद्द झालाय त्याला, नवा मिळेपर्यंत, तेवढीही मुभा नाही. जुन्या मित्राच्या देखरेखीखाली चार वाक्यं बोलल्याने कोणाचं काय बिघडणार आहे? उलट माणूस सुधारलाय की नाही हे तिथेच आधी कळेल. हे कलम बदलायला हवं.