केसांचे वेळापत्रक

कुत्रा पाळण्यापूर्वी त्याचा स्वभाव, आहार आणि भुंकण्याची पट्टी यांची चौकशी करावी, असे सर्वजण सांगतात. त्याच्या केसांची चौकशी करावी, असे मात्र कोणी सांगत नाही. वास्तविक घराचे वेळापत्रक ठरते ते केसांवरूनच. आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या गावठी कुत्र्याच्या आखूड केसांवरून आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवला की त्याचा शृंगार आटोपतो, आणि त्याचे मालक उरलेला आठवडा माझ्याकडे दयेने पाहण्यात घालवतात. दुसऱ्या मजल्यावरच्या लॅब्रॅडोरला केसांचे दोन थर आहेत. त्याला एरवी आठवड्यातून दोनदा विंचरले तरी भागते, आतला थर झडू लागला की मात्र रोज. उन्हाळ्यात त्याचा गोटा करावा, असा सल्ला सोसायटीतील प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाने दिलेला आहे; पण तेच केस त्याच्या कातडीचे उन्हापासून रक्षण करतात, हे त्यांना पटवण्यापेक्षा मेन्टेनन्सची थकबाकी वसूल करणे सोपे.

आमच्या वाट्याला शिह त्झू आला. याचे केस फारसे झडत नाहीत, असे विक्रेत्याने अभिमानाने सांगितले होते. झडत नाहीत म्हणजे वाढतच राहतात, हा उत्तरार्ध त्याने आमच्या स्वाध्यायासाठी राखून ठेवला. एखादा दिवस फणी चुकली की कानामागे, काखेत आणि गळपट्ट्याखाली, म्हणजे जिथे हात लावलेला त्याला मुळीच खपत नाही तिथेच, जट धरते. मग मुळाशी केस दोन बोटांत घट्ट धरायचे, वर चिमूटभर कॉर्नफ्लोअर भुरभुरायचे आणि टोकापासून फणी चालवत हळूहळू आत जायचे. तोवर तो असा विव्हळतो, की वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून विचारतात, "अहो, त्याला जेवायला दिलंत का?" सासूबाईंचा आग्रह आधी अंघोळ घालण्याचा असतो, परंतु पाण्याने जट अधिकच आवळते आणि कात्रीशिवाय गत्यंतर उरत नाही. "आमच्या वेळी कुत्री पार्लरला जात नव्हती," असे बजावत त्याच सासूबाई त्याच्या डोळ्यांवरची झुलपे बांधायला स्वतःचे रबर काढून देतात.

दर ४ ते ६ आठवड्यांनी त्याचे केस कापून घ्यावे लागतात, आणि ती तारीख कालनिर्णयावर एकादशीच्या शेजारी लाल शाईने लिहिलेली असते. आमच्या यजमानांचे केस सवड मिळेल तसे कापले जातात. परवा दोघेही एकाच संध्याकाळी कापून आले. सासूबाई कुत्र्याला म्हणाल्या, "किती गोड दिसतोस रे!" यजमान बराच वेळ दिवाणखान्यात उगाचच घुटमळत राहिले.