न वाचण्यासाठी लिहिलेली पेटंटे

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पुण्यात एका अमेरिकी ग्राहकाच्या प्रकल्पावर काम करीत असताना त्यांच्या वकिलांनी आम्हाला दिलेली एक सूचना मला आजही चमत्कारिक वाटते. आपल्या कामाशी मिळतीजुळती पेटंटे शोधू नका, आणि कोणी पाठवलीच तर उघडू नका, अशी ती सूचना होती. कारण सरळ होते. अमेरिकी कायद्यानुसार पेटंटचा भंग जाणूनबुजून केल्याचे सिद्ध झाले, तर न्यायालय नुकसानभरपाई तिपटीपर्यंत वाढवू शकते. आणि ज्याने ते वाचलेलेच नाही, त्याने जाणूनबुजून भंग केला असे ठरवणे अवघड जाते.

पेटंट ही मुळात देवघेव आहे. संशोधकाने आपली युक्ती उघड करायची आणि त्या बदल्यात समाजाने त्याला वीस वर्षांची मक्तेदारी द्यायची. औषधाच्या बाबतीत रेणूची रचना कागदावर येते आणि मुदत संपली की दुसरा कारखाना ते औषध बनवू शकतो. सॉफ्टवेअरच्या पेटंटला मात्र कोडची एक ओळही जोडण्याची सक्ती नाही. चौकोन-बाणांच्या काही आकृत्या आणि शक्य तितके ऐसपैस लिहिलेले दावे, म्हणजे मक्तेदारी नेमकी कशावर हवी हे सांगणारी विधाने, तेवढी पुरतात. ज्यांनी वाचावे त्यांना वाचू नका म्हणून बजावले जाते आणि ज्यांनी वाचले त्यांच्या हाती फारसे काही लागत नाही, अशी ही देवघेव आहे.

ॲमेझॉनच्या ‘वन-क्लिक’ पेटंटचे उदाहरण जुने असले तरी मला तेच सर्वांत बोलके वाटते. ग्राहकाचा पत्ता आणि कार्डाचा तपशील आधीच साठवलेला असेल, तर एका क्लिकमध्ये खरेदी पूर्ण करता येते, या कल्पनेला सप्टेंबर १९९९ मध्ये पेटंट मिळाले. पुढच्याच महिन्यात कंपनीने बार्न्स अँड नोबल या प्रतिस्पर्धी पुस्तकविक्रेत्यावर खटला भरला आणि ऐन नाताळच्या हंगामात, डिसेंबरमध्ये, मनाई हुकूम मिळवला. प्रतिस्पर्ध्याने काय करावे? आपल्या संकेतस्थळावर आणखी एक क्लिक वाढवली! ग्राहकाची गैरसोय मुद्दाम करणे हाच कायदा पाळण्याचा मार्ग ठरला. २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो हुकूम रद्द केला आणि पुढे दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली, पण पेटंट टिकले. न्यूझीलंडमधील एका अभिनेत्याने, मागवलेले पुस्तक उशिरा आल्याच्या रागातून, लोकवर्गणी काढून त्याची फेरतपासणी करायला लावली. तेव्हा काही दावे आखडते घेऊन ते २०१० मध्ये पुन्हा मान्य झाले आणि २०१७ मध्ये मुदत संपेपर्यंत जगले. त्या दस्तऐवजावरून एका क्लिकची खरेदी शिकलेला एकही प्रोग्रामर मला अजून भेटलेला नाही.

विशेष म्हणजे, टीकेची झोड उठल्यावर खुद्द ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी मार्च २००० मध्ये खुले पत्र लिहून सॉफ्टवेअर पेटंटांची मुदत तीन ते पाच वर्षांवर आणावी असे सुचवले होते. पेटंट मात्र त्यांनी सोडले नाही, आणि कायदाही बदलला नाही.

पुढच्या दशकात तेच फोनच्या बाबतीत झाले. बोट सरकवून कुलूप उघडण्याची ॲपलची युक्ती जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ मध्ये पेटंटयोग्य नसल्याचे ठरवले, कारण निओनोड या स्वीडिश कंपनीच्या फोनमध्ये तशीच सोय आधीपासून होती. अमेरिकेत मात्र त्याच युक्तीसह काही पेटंटांसाठी सॅमसंगवर बसलेली ११.९६ कोटी डॉलरची भरपाई कायम राहिली. एवढ्या मोठ्या कंपन्या असे खटले वर्षानुवर्षे लढवू शकतात. चार जणांच्या कंपनीला वकिलाची नोटीस हीच शिक्षा असते, आणि ती मुकाट्याने पैसे भरून मोकळी होते.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या ‘ॲलिस’ निकालात, अमूर्त कल्पना संगणकावर चालवली म्हणून ती पेटंटयोग्य होत नाही, असे एकमताने सांगितले. निकाल मला पटतो, पण ‘अमूर्त’ म्हणजे नेमके काय, हे न्यायालयाने मोघम ठेवले आणि त्यावरचा वाद अजून चालू आहे. २०२३ मध्ये सिनेटमध्ये आलेल्या एका विधेयकाचा रोख तर हा निकालच निष्प्रभ करण्याकडे होता. माझ्या मते सुधारणा मुदतीपासून आणि उघडीकरणापासून सुरू व्हायला हवी: पाच वर्षे पुरेत, आणि अर्जासोबत चालणारा कोड जोडलाच पाहिजे. ज्याला कोड दाखवायचा नाही, त्याने तो गुपित म्हणून जपावा. त्याला कोणी अडवलेले नाही.

आपल्याकडे पेटंट कायद्याचे कलम ३(के) ‘निव्वळ’ संगणक प्रोग्रामला पेटंट नाकारते. २००४ च्या वटहुकुमाने त्यात फट पाडली होती, ती संसदेने २००५ मध्ये स्वीकारली नाही. हे कलम आता सैल करावे, म्हणजे भारतीय कंपन्यांच्या कल्पनांना संरक्षण मिळेल, असे पुण्यातले माझे काही उद्योजक मित्र म्हणतात. त्यांनी मला एकच दाखवावे: दुसऱ्याचे असे कोणते सॉफ्टवेअर पेटंट वाचून त्यांनी स्वतः काही बनवले आहे?