तुम्ही तं जागेच राहता नं, काकाजी!

काल रात्री २ वाजून ३५ मिनिटांनी आमच्या इमारतीच्या गेटसमोर कारचा हॉर्न तीन वेळा वाजला आणि माझी झोप मोडली. वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण १ वाजून १० मिनिटांनी लघवीला उठल्यापासून मी छताकडे पाहत पडून होतो आणि भिंतीवरचे घड्याळ शेवटचे पाहिले तेव्हा २ वाजून ५ मिनिटे झाली होती. त्यानंतर कधीतरी डोळा लागला. म्हणजे मोडलेली ती झोप फार तर अर्ध्या तासाची होती. पण पासष्टी ओलांडलेल्या माणसाला मध्यरात्रीनंतरचा असा अर्धा तास किती कष्टाने मिळतो, हे ज्यांना तो मिळवावा लागतो त्यांना वेगळे सांगायला नको.

मी दचकून उठलो. एकदम उभा राहिल्यामुळे डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून दाराची चौकट धरून क्षणभर थांबलो आणि मग खिडकीशी गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबातला पंचविशीचा मुलगा गाडीत बसून होता. चौकीदार चार दिवसांपासून गावी गेला आहे. तो येईपर्यंत रात्री ११ वाजता गेटला कुलूप लावायचे आणि प्रत्येकाने बाहेर जाताना आपली किल्ली सोबत न्यायची, असे सर्वांच्या संमतीने ठरले होते. किल्ली हा मुलगा घरीच विसरला होता. त्याच्या घरात आई आहे, वडील आहेत, धाकटी बहीण आहे, आणि तिघांकडेही मोबाइल आहेत. त्यांच्यापैकी एकालाही फोन न करता त्याने तळमजल्यावरच्या माझ्या खिडकीसमोर हॉर्न वाजवला. मी शक्य तितक्या संयमाने विचारले, "अरे, ही काय हॉर्न वाजवायची वेळ आहे? घरी फोन करता येत नव्हता का?" त्यावर तो अगदी मोकळेपणाने म्हणाला, "बाबा झोपले असन नं. तुम्ही तं जागेच राहता नं, काकाजी!"

मी गेट उघडून दिले. परत येऊन आडवा झालो तेव्हा पावणेतीन वाजले होते, आणि त्यानंतर पहाटेपर्यंत हे एकच वाक्य माझ्या डोक्यात घण घालत राहिले. त्या मुलाच्या बोलण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता, आणि मला तेच अधिक झोंबले, कारण त्याचा अर्थ असा की त्याला हे मनापासून खरे वाटते. वडिलांना सकाळी कामावर जायचे असते, म्हणून त्यांची झोप मोडायची नाही. मला कुठेही जायचे नसते, म्हणून माझी झोप मोडली तर त्यात कोणाचे काही जात नाही. चौतीस वर्षे मीही सकाळी नऊला डबा घेऊन बाहेर पडत होतो. तेव्हा माझ्या झोपेला जो मान होता, तो सेवानिवृत्तीच्या हारतुऱ्यांबरोबर माझ्याकडून कोणी आणि केव्हा काढून घेतला, हे मला समजलेले नाही.

सकाळी त्याचे वडील पार्किंगमध्ये भेटले. मी त्यांना रात्रीचा सर्व प्रकार सांगितला. दिलगिरीचा एक शब्द ऐकायला मिळावा, एवढीच माझी अपेक्षा होती. ते हसून म्हणाले, "हो, सांगितलं त्यानं मला. तुमच्या घरचा लाइट रात्री-बेरात्री सुरूच दिसतो म्हणे. आणि साहेब, या वयात झोपेची गरज तशीही कमीच होते नं." लाइट सुरू दिसतो, कारण रात्रीतून दोन-तीनदा उठावे लागणाऱ्या माणसाने अंधारात चाचपडत जाऊन खुब्याचे हाड मोडून घेण्यापेक्षा दिवा लावून जाणे बरे. खिडकीतला तो उजेड म्हणजे दुकान उघडे असल्याची पाटी आहे, असा अर्थ त्या पितापुत्रांनी काढला.

आणि गरज कमी होते, हे यांना सांगितले कोणी? गेल्या दिवाळीच्या सुमारास एका डॉक्टरांनीही मला हेच वाक्य ऐकवून दोन मिनिटांत बाहेर पाठवले होते. अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये तज्ज्ञांच्या समितीकडून वयोगटांनुसार झोपेचे तास ठरवून घेतले, त्यात ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी ७ ते ८ तास सांगितले आहेत आणि त्याखालच्या प्रौढांसाठी ७ ते ९. फरक आहे तो फक्त वरच्या टोकाच्या एका तासाचा. झोपेची गरज जवळजवळ तेवढीच राहते. आटत जाते ती झोप धरून ठेवण्याची शरीराची शक्ती. गाढ झोपेचा वाटा वर्षागणिक घटतो, वरवरची झोप वाढते, आणि मेंदूतले घड्याळ पुढे सरकल्यामुळे रात्री साडेआठलाच पापण्या जड होतात व पहाटे साडेतीनला डोळे टक्क उघडतात. तहानलेल्या माणसाच्या हातातला तांब्या गळका निघाला, तर त्याची तहान कमी झाली असे कोणी म्हणत नाही. झोपेच्या बाबतीत मात्र शिकलेसवरलेले लोक, अगदी गळ्यात स्टेथोस्कोप असलेलेसुद्धा, बिनदिक्कत तसे म्हणतात.

आमच्या सोसायटीने तर या गैरसमजाची कार्यालयीन व्यवस्थाच लावून टाकली आहे. नळाला पाणी पहाटे येते, जमिनीखालची टाकी भरते आणि मग मोटर लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवावे लागते. तीन वर्षांपूर्वीच्या बैठकीत ही मोटर साडेचारला कोणी लावायची असा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्या माना एकाच वेळी माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तर उठलेलेच असता" हे वाक्य मी पहिल्यांदा तेथे ऐकले. एखाद्या रात्री दैवाने साथ दिली आणि साडेतीनला उघडलेला डोळा चारला पुन्हा लागला, तरी अर्ध्या तासाने मोटरसाठी उठावेच लागते. पहाटेची ही दुसरी झोप आम्हा लोकांच्या वाट्याला आलेली शेवटची मिळकत आहे, आणि मी ती तीन वर्षे बारा कुटुंबांच्या आंघोळींसाठी खर्च केली आहे. मोटर लावायला चार मिनिटे उशीर झाला, तर तिसऱ्या मजल्यावरून फोन येतो. ज्या सकाळी पाणी वेळेवर चढते, त्या सकाळी कोणाचा फोन आल्याचे मला आठवत नाही.

माझ्या पत्नीची झोप माझ्या कितीतरी आधी तुटली होती. रजोनिवृत्तीच्या काळात ती मध्यरात्री घामाने चिंब होऊन उठायची, पंख्याखाली बसून राहायची आणि सकाळी सहाला पुन्हा ओट्यापाशी उभी असायची. मी तेव्हा तिला म्हणत असे, "तू विचार फार करतेस." शरीरातील संप्रेरकांमुळे उठणाऱ्या उष्ण लहरींना मी तिचे विचार समजत होतो, आणि उठलीच आहेस तर चहा टाक, असेही मी एकदा नव्हे, अनेकदा म्हटले आहे. काल रात्री त्या मुलाच्या तोंडून जे ऐकले, ते तिने माझ्या तोंडून कित्येक वर्षे ऐकले. मला याची लाज वाटते, आणि आज सकाळी मी तिला तसे सांगितले.

फुकट सल्ला देणाऱ्यांनी तर आमचे डोके उठवले आहे. जायफळ उगाळून दुधातून घ्या, तळपायांना तेल चोळा, येथपर्यंत ठीक आहे, त्याने अपाय तरी होत नाही. पण बागेत फिरायला येणारा एक गृहस्थ स्वतःच्या खिशातून झोपेच्या गोळ्यांची पट्टी काढून अर्धी अर्धी गोळी वाटतो, हे पाहिले की माझा पारा चढतो. या गोळ्यांपैकी पुष्कळ प्रकार असे आहेत की, त्यांचा अंमल म्हाताऱ्या शरीरात दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो, तोल जातो, गोंधळल्यासारखे होते आणि माणूस न्हाणीघरात पडतो. माझ्या उपयोगी पडले ते दुसऱ्या एका डॉक्टर बाईंनी विचारलेले एक साधे वाक्य: "रक्तदाबाची गोळी कधी घेता?" मी रात्री घेत होतो, आणि त्या गोळीत लघवीचे प्रमाण वाढवणारे औषध होते. त्यांनी ती सकाळी घ्यायला लावली, संध्याकाळी सहानंतरचा चहा बंद केला आणि झोपण्यापूर्वी तासभर पाय उशीवर उंच ठेवायला सांगितले, कारण दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे होताच मूत्रपिंडाकडे धाव घेते. रात्रीचे चार वेळा उठणे दोनवर आले. हे विचारायला त्यांना अर्धे मिनिट लागले. आधीच्या डॉक्टरांकडे तेवढा वेळ नव्हता.

त्यातून आता नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू आहे. ज्या शहरात २०१३ साली पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला, तेथे मे महिन्यातली रात्र कशी असते हे नागपूरकरांना सांगायला नको. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्री दोनलाही भट्टीसारखा धगधगत असतो. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते, आणि ते उतरायला आम्हाला आधार असतो तो कूलरचा. कूलर बंद खोलीत चालत नाही; आलेली हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर पहाटेपर्यंत अंथरूण दमट होते. दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाकडे एसी आहे, त्यांच्या खिडक्या बंद असतात, त्यामुळे त्यांच्याच मुलाचा हॉर्न त्यांना ऐकू जात नाही. माझी खिडकी उघडी असते, म्हणून गल्लीतली प्रत्येक गाडी आणि प्रत्येक कुत्रे माझ्या उशाशी येऊन उभे राहते.

दोन गल्ल्या सोडून लग्नाचे लॉन आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत; रात्री १० ते सकाळी ६ ही त्यात रात्र मानलेली आहे, निवासी भागासाठी या वेळेतली मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि निवासी भागात रात्री हॉर्न वाजवण्यालाही, सार्वजनिक आणीबाणी सोडली तर, त्याच नियमांत मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रामलीला मैदानाच्या प्रकरणात झोपेला घटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या अधिकाराचा भाग मानले आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला जे उमगले, ते लॉनच्या मालकाला उमगत नाही. रात्री पावणेबाराला डीजेचे ठोके छातीत उतरतात, तक्रार केली की वीस मिनिटे आवाज खाली येतो आणि पुन्हा चढतो. "वर्षातून दोन महिने तर लग्नं असतात, एवढं काय" असे मला समजावणारे भेटतात. त्या दोन महिन्यांत साठ रात्री असतात, आणि त्यातली एकही मला कोणी परत आणून देत नाही.

पावसाळा आला म्हणून सुटका होईल, असेही आता राहिलेले नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या त्या रात्री अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांतली माणसे झोपेतच पाण्यात सापडली. आमच्या घरात पाणी शिरले नाही, परंतु त्या पहाटे ओळखीच्या लोकांचे आलेले फोन मी विसरू शकलेलो नाही. तेव्हापासून रात्री पावसाची सर जोरात आली की मी उठून गेटपाशी पाणी साचले का ते पाहतो. तेव्हाही मला खिडकीत उभे पाहून कोणीतरी म्हणत असेलच, की हे तर जागेच असतात.

आज सकाळी १० वाजता मी मोटरच्या खोलीची किल्ली सेक्रेटरींच्या घरी नेऊन दिली. सोबत स्वच्छ अक्षरात लिहिलेले पत्र दिले की, रात्री ११ ते सकाळी ६ या वेळेत मी झोपलेला आहे असे सर्वांनी मानावे, मग मला झोप लागलेली असो वा नसो. माझ्या खिडकीत दिवा दिसला तरी त्याचा कोणताही अर्थ काढू नये, आणि किल्ली विसरणाऱ्याने आपल्या घरच्यांना उठवावे. सेक्रेटरींनी पत्र वाचले, किल्ली हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "पण साहेब, साडेचारला उठणार कोण? तुम्ही तर..."

वाक्य त्यांनी तेथेच सोडले. बहुधा माझा चेहरा पाहिला असावा. गजर लावून उठा, असे मी त्यांना सांगितले नाही. नमस्कार केला आणि जिना उतरून घरी आलो.